सवतीचा टाक

अन्वीने "आई" अशी हाक मारली की मी लगेच ओ देते. बाथरूममध्ये असले तरी देते, ऑफिसच्या कॉलवर असले तर म्यूट करून देते, तोंडात टूथब्रश असला तर तसल्या फेसाळ तोंडाने देते. अवधूत हसतो. म्हणतो, अगं, पोर काय पळून चाललीय का? त्याला हसू दे. पोर पळून जाईल म्हणून मी घाई करत नाही. माझ्याआधी दुसरं कुणी ओ देईल, म्हणून करते.

हे घर लीड्समधल्या एका चढावर आहे. शेजारच्या घराला खांदा लावून उभं असलेलं, लाल विटांचं. पुढचं दार उघडलं की समोरच जिना. जिना संपतो तिथे छोटं लँडिंग, लँडिंगवर खिडकी, आणि त्या खिडकीतून दिवसभर राखाडी उजेड खाली सांडत असतो. मी इथे राहायला आले तेव्हा घर आधीच लागलेलं होतं. डब्यांवर मूगडाळ, भाजणी, गोडा मसाला अशा चिठ्ठ्या होत्या आणि अक्षर माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. भाजणी संपून किती वर्षं झाली, त्या डब्यात मी आता पास्ता ठेवते, पण चिठ्ठी खरवडायला हात होत नाही.

स्वराली, माझी बहीण, अवधूतची पहिली बायको. अन्वी तिची. एका फेब्रुवारीतल्या दुपारी वाळलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन ती जिना चढली आणि लँडिंगवर कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. अवधूत ऑफिसमधून आला तेव्हा अन्वी जिन्याच्या पायथ्याशी बसलेली होती. लहान मुलांनी जिना चढू नये म्हणून लावतात ते फाटक बंद होतं, त्यामुळे तिला वर जाता आलं नव्हतं. तीन वर्षांचीही नव्हती पोर. हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता.

वर्षभराने माझं अवधूतशी लग्न झालं. मला कुणी विचारलंच नाही, असं मी म्हणणार नाही. विचारलं. फक्त अशा बेताने विचारलं की नाही म्हणायला जागा उरू नये. सावत्र आई कशी निघेल काय सांगावं, त्यापेक्षा मावशी बरी. कस्तुरीचंही, म्हणजे माझं, अजून जमत नाहीये. आणि माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतातच ना. ज्याने कुणी ही म्हण काढली त्याच्या घरी माय मेलेली नसावी. अवधूत वाईट माणूस नाही. मला तो आवडतो, आता तर चांगलाच आवडतो. पण सुरुवातीला आम्ही दोघं एकाच माणसाच्या मयताला आलेल्या पाहुण्यांसारखे एकमेकांशी जपून बोलायचो.

तेव्हाच घरच्यांनी ठरवलं की पोरीला काही सांगायचं नाही. लहान आहे, विसरेल. मोठी झाली की सांगू. मोठी म्हणजे केवढी, हे कुणी ठरवलं नाही. स्वरालीचे फोटो उतरवले, तिचे कपडे, साड्या एका सुटकेसमध्ये भरून लॉफ्टवर टाकले. पुण्याच्या यच्चयावत नातेवाइकांना पढवलं. तोवर अन्वी मला व्हिडिओ कॉलवर माऊ म्हणायची, मावशीचं माऊ. मी लीड्सला उतरले त्या दिवशी अवधूतने तिला सांगितलं, ही आई. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मागताना मला आई म्हणाली. काहीएक विचारलं नाही. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. तेव्हापासून आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी.

आणि टाक. कुलदैवतांचे टाक देवघरात असतात, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेले, तसाच हा, पण नखाएवढा, आणि त्यावर देवी नाही, साधी एक बाई. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न केलं की दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी आमच्याकडची रीत. आता कुणी फारसं करत नाही. माझ्या आईने केलं. एका मुलीचा टाक तिने सोनाराकडून घडवून आणला आणि काळ्या दोऱ्यात ओवून दुसरीच्या गळ्यात बांधला. मी म्हटलं, आई, अगं ती ताई आहे माझी. आई गाठ मारत म्हणाली, "होती. आता सवत आहे. सवत ती सवतच. आंघोळीलासुद्धा काढू नकोस."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते खरं धरायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. तरीही टाक मी कधी काढला नाही, कारण एक गोष्ट घडली होती. ती एकदाच घडली, पुन्हा करून दाखवता येणार नाही, आणि तरी ती खरी आहे.

मी नवीनच होते. मागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते आणि आतून "आई" अशी हाक आली. ती माझ्यासाठी आहे हे मला लगेच उमजलंच नाही. उमजलं तशी धावत आत आले. अन्वी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, वर लँडिंगकडे बघत, आणि मान हलवत होती. कुणी काही सांगितलं की मुलं शहाण्यासारखी हलवतात तशी. मग वळली आणि मला बघून हसली. मी विचारलं, काय गं, काय हवं होतं? म्हणाली, काही नाही, झालं.

त्या दिवसापासून मी ओ द्यायला उशीर केलेला नाही.

ह्या देशात नऊ-दहा वर्षांच्या पोरांना एकदा ट्यूडर, इतिहासातले ते जुने राजे-राण्या, होतात, कांजिण्या होतात तसे. अन्वीला ते ह्या सप्टेंबरात, इयर फाइव्हमध्ये झाले. वर्गात प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला आणि हिच्या वाट्याला आली पहिली एलिझाबेथ. मग काय, घरात राणीचं राज्य सुरू झालं. रोज जेवताना तिची खबरबात. तिच्या बाबांना मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून त्यांनी ठरलेले खेळसुद्धा रद्द केले. मी म्हटलं, त्यात विशेष काय, आमच्याकडेही पहिली बेटी धनाची पेटी म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. मग बहिणीनेच तिला कैदेत टाकलं. मग पंचविसाव्या वर्षी ती राणी झाली आणि चव्वेचाळीस वर्षं कुणाशी लग्न न करता राज्य केलं. लग्नाचं काढलं की ती बोटातली राज्याभिषेकाची अंगठी दाखवायची, की माझं लग्न राज्याशी लागलंय. म्हातारपणी ती अंगठी मांसात इतकी रुतली की कापून काढावी लागली. हे सांगताना अन्वीने बटरनाइफने स्वतःचं बोट कापल्यासारखं करून दाखवलं. माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ती डाय झाली. लगेच."

एका संध्याकाळी अन्वीने राणीच्या आईचं काढलं. मी आमटीला फोडणी देत होते आणि अन्वी ओट्याला टेकून उभी होती. राजाने राणीच्या आईचं डोकं उडवलं, असं तिने सहज सांगितलं. मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. मी न बघता विचारलं, मग तिला कुणी सांगितलं?

"कोणी नाही सांगितला. पण तिला कळला." अन्वीचं मराठी असंच आहे, सगळ्या गोष्टी पुल्लिंगी. "बिकॉज लोक तिला डिफरंट नावाने बोलवायला लागले. तिने विचारला, काल मी लेडी प्रिन्सेस होते, आज फक्त लेडी एलिझाबेथ, हाऊ कम? ती सो लिटल होती, तरी तिला कळला."

मोहरी जळली. काल माऊ, आज आई. राणीने विचारलं तरी होतं. आमच्या अन्वीने काहीच विचारलं नव्हतं, आणि आम्ही सगळे शहाणे, त्यावर खूश होतो.

नोव्हेंबरात ट्यूडर डे आला. लीड्सपासून तासाभरावर एक जुनं दगडी घर आहे, तिथे सगळ्या वर्गाने वेश करून जायचं होतं. मी ऑनलाइन एक राणीचा ड्रेस मागवला. पॉलिस्टरचा, आखूड आणि ठिणगी उडेल असा. अन्वीने तो बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली की राणी कॉरोनेशनला गोल्ड घालते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लॉफ्टमध्ये तो यलो साडी आहे ना? गोल्डवाला बॉर्डर. त्याचा कर."

पिवळी साडी होती. स्वरालीला लग्नात मामाने दिलेली, जरीच्या काठाची. पण ती सुटकेस मी ह्या घरात आल्यापासून एकदाही उघडली नव्हती, आणि अन्वीला लॉफ्टच्या शिडीवर चढायची बंदी होती. तुला कुणी सांगितलं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं आणि तिने जिन्याकडे बोट दाखवलं असतं तर? मी म्हटलं, बघते. त्या आठवड्यात मी सुटकेस उघडली. साडीला अजून ताईच्या अंगाचा वास होता, शिकेकाई आणि कसलं तरी हँडक्रीम. मी बराच वेळ तिच्यावर चिडून बसले. मरायचं होतं तर धड मरायचं, हे असं अर्धं घर, अर्धी पोर आणि अर्धा नवरा मागे ठेवून काय जायचं. चिडून झाल्यावर रडले. मग कात्री आणली आणि साडी कापायला घेतली.

ड्रेस चांगला झाला, खोटं कशाला बोलू. केकखाली ठेवतात त्या जाळीदार कागदी डॉयलीच्या चुण्या करून गळ्याभोवती कॉलर केली. ट्रिपच्या सकाळी अन्वीने चेहरा पांढरा कर म्हणून हट्ट धरला, कारण राणी देवीचे व्रण झाकायला तोंडाला पांढरं फासायची. मी क्रीम आणि कॉर्नफ्लॉअर लावलं. तिचा गव्हाळ रंग हळूहळू झाकला गेला, आणि आरशात जे तोंड उरलं ते बघून मला हात मागे घ्यावा लागला. ताईचं शेवटचं दर्शन मी पुण्यात फोनवर घेतलं होतं. इथल्या लोकांनी तिला त्यांच्या पद्धतीने रंगरंगोटी केली होती, आणि ती अशीच दिसत होती. पांढरी, शांत, आपल्यातली नसल्यासारखी.

अन्वी आरशातून माझ्याकडे बघत होती. "तू का घाबरलीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, उशीर होतोय, बूट घाल.

मदतनीस पालक म्हणून मीही गेले. त्या दगडी घरात थंडी आणि मेणाचा वास होता. जुन्या काळची टोपी घातलेल्या एका पांढऱ्या केसांच्या गाईडने मुलांना जमिनीवर बसवलं आणि सगळं छान, रसाळ सांगितलं. शेवटी तिने मखमलीच्या डबीतून एक अंगठी काढली. म्हणाली, ही नक्कल आहे, खरी दुसरीकडे जपून ठेवलीय. राणी अशी एक अंगठी बाळगायची असं मानतात. आणि आपल्यात आज राणी हजर आहे, तेव्हा ती राणीनेच उघडावी.

अन्वी उठली. सोनेरी काठ सावरत पुढे गेली आणि बिजागरीवरचं ते इवलंसं झाकण तिने नखाने उघडलं. आत दोन चित्रं होती, समोरासमोर, दोन बायका. गाईड म्हणाली, ही एक राणी स्वतः. दुसरी तिची आई असावी असं जाणकारांना वाटतं, नक्की कुणीच सांगू शकत नाही. आईचं नाव ती चारचौघांत क्वचितच घ्यायची. घेणं सोयीचं नव्हतं. पण बघा, झाकण मिटलं की दोघी एकमेकींच्या गालाला गाल लावून.

अन्वीने झाकण मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं. मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझ्या मम्कडे पण असं आहे. शर्टच्या आत घालते ती. त्यात एक लेडी आहे."

सगळ्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं. तिची मिस कौतुकाने म्हणाली, किती सुंदर, दाखवाल का आम्हाला? कोण आहे त्यात?

माझी मूठ गळ्याशी घट्ट होती. तीस पोरं, एक गाईड, दोन शिक्षिका, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये माझ्या बहिणीच्या साडीत, माझ्या बहिणीच्या पांढऱ्या तोंडाने उभी असलेली माझी मुलगी. मी म्हटलं, "सॉरी, इट्स अ रिलिजस थिंग." हा शब्द उच्चारला की इंग्रज माणूस दोन पावलं मागे सरतो, हे मला ऑफिसमुळे ठाऊक होतं. मिस खरंच मागे सरली, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स म्हणत.

अन्वी माझ्याकडे बघत होती. मग ती मिसकडे वळली आणि म्हणाली, "इट्स नथिंग, मिस. आय मेड इट अप."

माझ्यासाठी खोटं बोलताना नऊ वर्षांच्या पोरीची पापणीसुद्धा लवली नाही. इतकी सफाई एका दिवसात येत नाही. तिथे उभ्या उभ्या मला कळून चुकलं की ही आजची नाही, ही कधीपासूनची सराईत आहे. आम्ही तिच्यापासून लपवत होतो असं आम्हाला वाटत होतं.

परतीच्या कोचमध्ये ती वर्गातल्या मायराशेजारी बसली, माझ्याशेजारी नाही. शाळेपासून घरापर्यंत हात दिला नाही. अवधूत कामासाठी लंडनमध्ये ईलिंगला गेला होता, दुसऱ्या दिवशी यायचा होता. चार वाजून गेले होते आणि ह्या दिवसांत इथे तेव्हाच अंधारून येतं. मी कुलूप उघडून दिवा लावायला गेले तेवढ्यात अन्वीने सोफ्यावरच्या उशा ओढून आणल्या, जिन्याच्या पायथ्याशी टाकल्या आणि त्यांवर बसली. बरोबर तिथेच. फाटक आम्ही कधीच काढून टाकलं होतं, पण त्याच्या स्क्रूची भोकं अजून भिंतीत आहेत. तिची पाठ त्या भिंतीला टेकलेली.

मी म्हटलं, कपडे बदल. ती उठली नाही. म्हटलं, तोंड धू, दूध घे. तिने बोट तोंडात घातलं आणि समोर बघत राहिली. हे मला माहीत होतं, जेवताना ऐकलेलं होतं. राणी शेवटच्या दिवसांत बिछान्यावर जायला तयार नव्हती. जमिनीवर उशा टाकून बसून राहिली, बोट तोंडात घालून, कुणाशी न बोलता. झोपले तर परत उठणार नाही, असं तिला वाटायचं म्हणे.

वरच्या लँडिंगच्या खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळट उजेड पायऱ्यांवर उतरला होता. मी वर बघायचं टाळलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिने बोट काढलं.

"मी तुला माऊ म्हणायचे. आयपॅडवर."

इतकी वर्षं ज्या घडीला भीत होते ती आली होती, आणि मला एकच दिसत होतं की आता हिच्या तोंडातून आई हा शब्द मला पुन्हा ऐकू येणार नाही. मी हो म्हटलं.

"बाबा लॉफ्टमध्ये जातो ना, इन्सुलेशन बघायला? तो इन्सुलेशन नाही बघत. तो सुटकेस उघडून बसतो. मी शिडीवरून बघितला."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू सॅड झाली असती. मग तू परत माऊ झाली असती आणि पुण्याला गेली असती." तिने डॉयलीची कॉलर ओढून काढली. "राणी पण नाही बोलली. इट वॉझन्ट सेफ."

म्हणजे ह्या घरात तिघं जण एकाच माणसाला एकमेकांपासून लपवत होतो. नवरा लॉफ्टवर, मी गळ्यात, आणि ही एवढीशी पोर कुठे ठेवत होती कोण जाणे. मला अवधूतचा राग आला, घरच्या सगळ्या शहाण्यांचा आला, आणि मग रागाचं काही उरलंच नाही. मी विचारलं, तुला काय आठवतं?

ती जिन्याकडे बघत होती. "ती कपडे घेऊन वर गेली. मग मी हाक मारत होते. खूप. ती ओ नाही दिली." ओठ थरथरला तसा कॉर्नफ्लॉअरला तडा गेला. "मला वाटला ती माझ्यावर रागावली. मी ज्यूस सांडला होता."

सहा वर्षं. सहा वर्षं ही ज्यूस घेऊन बसली होती, आणि आम्ही म्हणत होतो, विसरली.

"ऐक," मी म्हटलं. "ती रागावली नव्हती. तिला ओ देता आली नाही. आली असती ना, तर तिने नक्की दिली असती."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. माझी ताई होती ती. मला माहितीय."

मग तिने माझ्या शर्टच्या गळ्याकडे बोट केलं. म्हणाली, ती आहे ना त्यात? तू का घालतेस? रीत आहे, आजीने बांधलाय, हे सगळं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. तिची भीती वाटते म्हणून.

अन्वीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच नऊ वर्षांची. "ती स्केरी नाहीये," ती म्हणाली. "ती आई आहे."

मी दोरा सोडायला गेले, पण आईने मारलेली गाठ इतक्या वर्षांत पाण्याने आवळून दगड झाली होती. किचनमधून कात्री आणली. राणीची अंगठी कापली आणि ती गेली, हे आठवलं. आंघोळीलासुद्धा काढू नकोस, हेही आठवलं. वरच्या लँडिंगवर लाकूड एकदा कुरकुरलं. जुनी घरं थंडीत कुरकुरतातच. मी दोरा कापला आणि टाक तिच्या तळहातावर ठेवला. तो माझ्या अंगाने ऊबदार झालेला होता. तिने तो दिव्याकडे धरून नीट पाहिला. सोनाराने डोळ्यांच्या जागी दोन ठिपके ठोकले होते आणि पदराची एक रेघ. ताईसारखं त्यात काहीच नव्हतं. अन्वीने तो गालाला लावला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग मी तुला काय म्हणू? माऊ?"

तुला हवं ते म्हण, मी म्हटलं. ती विचार करत राहिली, आणि मी, बँकेचं सॉफ्टवेअर तपासणारी बाई, तिच्या तोंडाकडे निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखी बघत होते.

"तू आई," ती शेवटी म्हणाली. "तिला पण आई म्हटला तर चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

मग मी उठले, कारण पोरीने दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. किचनमध्ये जाऊन कुकर लावला, तूप काढलं. गळा उघडा, हलका, थंडी वाजावी तसा लागत होता. हॉलमधला दिवा तिने मुद्दाम मालवला असावा, दाराच्या फटीतून फक्त जिन्यावरचा तो पिवळट उजेड येत होता. कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि ती थांबल्यावर बाहेरून हाक आली.

"आई."

हळू आवाजात, वर तोंड करून मारलेली. ओ माझ्या जिभेवर आली होती, सवयीने. मी ओटा घट्ट धरला आणि गप्प राहिले. आधी ताईला देऊ दिली. मग मी दिली.